सत्तावन्न वर्षांचा फरक

तारखांच्या बाबतीत सडक अर्जुनीत माझ्याशी कोणी वाद घालत नाही. एकोणतीस वर्षं शाळेचा बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून मी दाखलखारीज रजिस्टर सांभाळतो आहे आणि त्यात आजवर एक खाडाखोड नाही. निम्मा तालुका एक जुलैला जन्मलेला आहे, हे खरं. पोराला शाळेत घालायला आलेल्या आज्याला तारीख ठाऊक नसायची, गुरुजींना जेवायची घाई असायची, मग एक जुलै. पण एकदा रजिस्टरात चढली की तीच तारीख. तिच्यावरच नोकरी लागते, तिच्यावरच निवृत्ती येते. माणूस खरा केव्हा जन्मला याच्याशी कार्यालयाचा संबंध नसतो. हे मी लोकांना शांतपणे समजावून सांगतो आणि लोक उगाच चिडतात.

म्हणून समाजाच्या वंशावळीचं काम निघालं तेव्हा अध्यक्ष हिरालालजी पटले स्वतः माझ्या घरी चहाला आले. आमची वंशावळ रावजींच्या पोथीत असते. रावजी म्हणजे भाट, मूळचे माळव्याकडचे. दोन-तीन वर्षांतून एकदा दिवाळीनंतर येतात, घरोघरी बसतात, कोण जन्मलं, कोण गेलं ते विचारून लाल फडक्यात बांधलेल्या पोथीत लिहून नेतात. समितीने त्या पोथीच्या पानापानाचे मोबाइलवर फोटो काढले, नागपूरच्या एका टायपिंगवाल्याकडून ते तक्त्यात उतरवून घेतले, आणि संगणक केंद्राच्या प्रेरणा मॅडमनी तो तक्ता नव्या वंशावळ ॲपमध्ये ओतला. चार हजार दोनशे नोंदी झाल्या. त्यातल्या काही तारखा जुळत नव्हत्या.

"बडेबाबू, तारखा तेवढ्या पाहून द्या जी," हिरालालजी म्हणाले. "दोन दिवसाचं काम आहे."

दोन दिवसाचं काम आहे असं जो म्हणतो, तो ते काम स्वतः कधीच करणार नसतो. पण त्यांनी मला 'पडताळणी अधिकारी' असं पद दिलं आणि तसा कागद टाईप करून आणला होता. कागद पाहिला की मी विरघळतो, हा माझा स्वभाव आहे.

पहिल्याच दिवशी दिसलं की एक आजोबा नातवानंतर सात वर्षांनी जन्मले होते. एका गृहस्थाचं लग्न त्यांच्या मृत्यूनंतर लागलं होतं, आणि पुढे त्यांना दोन मुलंही झाली होती. सगळ्यात विचित्र म्हणजे दोनशे त्र्याण्णव माणसं एकजात संध्याकाळी साडेसहा वाजता वारली होती. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या साली, पण ठोक्याला साडेसहा. मी एकटाच केंद्रात बसून ती यादी खाली-खाली सरकवत होतो आणि घड्याळात सव्वासहा झाले होते. मी उठून दिवा लावला.

प्रेरणा मॅडम हसल्या. पोथीत वेळ नसते, म्हणून संगणकाने ज्याला त्याला मध्यरात्रीचे बारा दिले. मग कुठल्या तरी परदेशी घड्याळाशी मेळ घालताना साडेपाच तास मागे गेला, आणि सगळे आदल्या दिवशीच्या साडेसहाला जाऊन पडले. त्यांनी एक कळ दाबली आणि दोनशे त्र्याण्णव माणसं परत आपापल्या दिवसाला गेली. मला बरं वाटलं. पण मग मॅडम म्हणाल्या, "सर, ही एक यादी राहिली. यांचं मला काही समजलं नाही."

त्या यादीत अकरा माणसं होती आणि ती अजून मरायची होती. तारखा सगळ्या याच सालच्या होत्या, तीस एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत. तो दिवस अठरा एप्रिल होता.

वर पहिलं नाव अनुसयाबाई पटले, तीस एप्रिल. चौथं हिरालाल पटले, आठ जून. आणि दुसरं नाव उमराव दशरथ कटरे, नऊ मे. माझं नाव उमराव दशरथ कटरे आहे. मी ते तीनदा वाचलं. खुर्चीत बसल्याबसल्या मला शाळेतल्या खारीज केलेल्या फायली आठवल्या, ज्यांच्यावर मी आजवर निर्विकारपणे 'मयत' असा शिक्का मारला होता.

अकरांच्या खाली बारावं एक नाव होतं. तेही पुढच्या तारखेचं, पण इतक्या पुढच्या की भीती वाटू नये. शांतीबाई, पती दशरथ कटरे, मृत्यू २०८३. ही माझी माय. ती आत्ता एकोणऐंशीची आहे, म्हणजे हिशेबाने एकशे छत्तीस वर्षं जगणार होती.

घरी आल्यावर मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. बायकोने, म्हणजे रीताने, माझ्या नऊ मेचं ऐकून फक्त एवढंच विचारलं की त्या दिवशी शनिवार येतो का, कारण शनिवारी तिला देवरीला जायचं होतं. मायचा चेहरा मात्र खुलला.

"माहं नाव आहे त्याच्यात? शांतीबाई म्हनून?"

"हाव माय. एकशे छत्तीस वर्षं."

"सालं जाऊ दे चुलीत. नाव बरोबर लिवलं आहे ना?"

मी हो म्हटलं. तिने दोनदा विचारलं आणि दोनदा मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला कशाचंही अप्रूप वाटतं, असं मला तेव्हा वाटलं.

मी रीतसर मार्गाने जायचं ठरवलं. ॲपमध्ये दुरुस्तीचा अर्ज आहे. त्यात 'मयताशी नाते' असा रकाना आहे आणि त्यात मुलगा, मुलगी, पती, इतर एवढेच पर्याय आहेत. स्वतः असा पर्याय नाही. मी 'इतर' निवडलं आणि तपशिलात 'स्वतः' असं लिहिलं. अर्ज पडताळणी अधिकाऱ्याकडे गेला. पडताळणी अधिकारी मीच होतो. मी तो उघडून पाहिला आणि नियमाप्रमाणे पाहता अर्जदार आणि मयत यांचं नाव एकच निघत होतं. असा अर्ज मी आयुष्यात कधी मंजूर केलेला नाही. मी तो फेटाळला. फेटाळल्यावर मला अभिमान वाटला आणि लगेच आठवलं की त्यातला मयत मीच आहे.

शेजारचे छोटेलाल यांचं हायवेवर टायरचं दुकान आहे. ट्रकवाल्यांशी बोलून बोलून त्यांचा सगळ्या विषयांचा अभ्यास झालेला आहे. ते म्हणाले, "बडेबाबू, सीधी बात है. नाम बदल लो. कागज में उमराव मरनेवाला है ना? आप रमेश हो जाव. फिर देखते कोन क्या करता है."

"अहो, नाव बदलायला राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. तीन महिने लागतात."

"तो नऊ तारीख निकल जाएगी," छोटेलाल म्हणाले आणि गंभीरपणे मान हलवून दुकानाकडे गेले.

तीस एप्रिलला, गुरुवारी, अनुसयाबाई पटले गेल्या. त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या आणि होळीपासून खाटेला खिळल्या होत्या. पण ते कोणी बोललं नाही. घाटावर लाकडं रचली जात असताना समितीची माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी बघितलं की दुसरीकडे बघत होती. यादीतला दुसरा तर मी. एकाने मला बसायला स्वतःचा गमछा अंथरून दिला. एवढा मान मला नोकरीत कधी मिळाला नव्हता, आणि तो मला अजिबात आवडला नाही.

संध्याकाळी हिरालालजी आले. आठ जूनवाले. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "बडेबाबू, तारीख थोडी मागंपुढं होते काय? मी काय म्हनतो, पोरीचं लगन दिवाळीनंतर आहे."

"मागे की पुढे?"

"मागं कायले, पुढंच."

मी त्यांना अर्ज करायला सांगितलं. आणखी काय सांगणार? ते गेल्यावर मी अंगणात बसून राहिलो.  माय आतून तांदूळ निवडत माझ्याकडे बघत होती.

"काऊन असा बसून राहिला?"

मी यादी तिच्यापुढे वाचली. वाचता वाचता माझा आवाज फाटला, हे कबूल करतो. तिने सगळी नावं ऐकून घेतली आणि सूप खाली ठेवलं.

"हे तर हगवणीच्या सालातले लोक आहेत," ती म्हणाली. "त्या सालात गावात अकरा जनं गेले. तुहा आजा त्याच्यातच गेला ना. मी नवी नवरी होती, पानी तापवून तापवून हाताले फोड आले माह्या."

आमच्या घरात एकाआड एक पिढी दशरथ आणि उमराव अशीच नावं चालतात. आज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. म्हणजे माझा आजाही उमराव दशरथ कटरेच. मी त्याच पावली संगणक केंद्र गाठलं. आजोबांचा जन्म होता, लग्न होतं, मृत्यू कुठेच नव्हता. त्यांचा मृत्यू माझ्या नावावर पडून होता. मी प्रेरणा मॅडमना पोथीच्या पानाचा फोटो मोठा करायला लावला आणि तिथे ते दिसलं. प्रत्येक साल्याच्या आधी, माफ करा, प्रत्येक सालाच्या आधी रावजींनी बारीक अक्षरात 'संवत' लिहिलेलं होतं. संवत दोन हजार सव्वीस. विक्रम संवत आपल्या सालापेक्षा सत्तावन्नने पुढे चालतो. म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तर.

टायपिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, जुन्या पानांवर तो शब्द तर सगळ्याच ओळीत होता. हजार वेळा तेच काय टाईप करायचं? काढून टाकला."

आणखी जुन्या पानांवर संवताचं साल एकोणीसशे नव्वद वगैरे दिसायचं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. त्या हगवणीनंतर रावजी इंग्रजी सालं लिहायला लागले होते, म्हणूनच संवतातले आजोबा इंग्रजी सालातल्या नातवानंतर जन्मत होते. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण मी केंद्रातल्या केंद्रात हसत सुटलो. प्रेरणा मॅडमनी पंचांग बघून तारखा बसवणारी एक सोय इंटरनेटवरून आणली आणि विचारलं, "संवतवाल्या सगळ्यांतून सत्तावन्न कमी करू ना, सर?"

"करा," मी म्हणालो. "आणि यापुढे मृत्यूची तारीख कोणी हाताने टाकायचीच नाही. नोंद ज्या दिवशी होईल ती तारीख संगणकाने आपोआप टाकावी. माणसावर भरवसा ठेवूनच हे झालं." पडताळणी अधिकारी म्हणून मी तसं लेखी दिलं आणि खाली सही केली.

कळ दाबली. अकराच्या अकरा माणसं सत्तावन्न वर्षं मागे गेली. माझा आजा आपल्या जागी गेला, मी माझ्या जागी राहिलो, हिरालालजींच्या पोरीचं लग्न सुरक्षित झालं. अनुसयाबाईंची तारीखसुद्धा कुठल्या तरी जुन्या अनुसयाबाईची होती, हेही कळलं. पुढच्या तारखांची यादी रिकामी व्हायला हवी होती. पण ती रिकामी झाली नाही. तिच्यात एक नाव उरलं होतं.

शांतीबाई, पती दशरथ कटरे. दोन हजार त्र्याऐंशीतून सत्तावन्न गेले. मृत्यू एकवीस मे दोन हजार सव्वीस, गुरुवार.

प्रेरणा मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला.  मी त्या पानाचा फोटो उघडायला सांगितला. पोथीचं शेवटचं पान होतं, शाई ताजी, अक्षर रावजींचंच. संवत दोन हजार त्र्याऐंशी, ज्येष्ठ शुद्ध पंचमी. खाली लिहिलं होतं, 'बेटे उमराव ने बताया.'

रावजींचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. "दो साल पहले लिखा है, कटरे साहब," ते म्हणाले. "आपके ही घर में बैठ के लिखा."

"मी तुम्हाला आयुष्यात भेटलेलो नाही. तुम्ही येता तेव्हा मी शाळेत असतो."

"पोथी में तो आपका नाम है," रावजी म्हणाले. "पोथी में झूठ नहीं लिखते." आणि त्यांच्या मागे कुठेतरी गाडीचा भोंगा वाजला आणि फोन कटला.

दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं मरण, येत्या एकवीस मेचं, आणि ते मी सांगितलेलं. मी घरी कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन प्रेरणा मॅडमना म्हणालो, ही नोंद काढून टाका. त्या म्हणाल्या, नोंद काढता येत नाही, नियम आहे. मी म्हणालो, पडताळणी अधिकारी मीच आहे. नोंद गेली. पडद्यावर आमच्या घराच्या चौकटीत वडिलांच्या नावाखाली फक्त एवढं उरलं: पत्नी, एक.

पण नोंद काढल्याने तारीख थोडीच जाते? मायला मी कूलरसमोरून हलू देईना. आंब्याची साल पायरीवर दिसली की ओरडायचो. ती चुलीजवळ गेली की मी मागे, विहिरीजवळ गेली की मी मागे. "याले काय झालं आहे?" तिने रीताला विचारलं. रीताने सांगितलं, उन्हाने झालं असन. शेवटी मी छोटेलालना विश्वासात घेतलं, आणि ही माझी दुसरी चूक होती.

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "ये महाराष्ट्र का रिकार्ड है ना?"

"आहे."

"तो उस दिन माँजी को बालाघाट ले जाव. मध्य प्रदेश में इनका रिकार्ड कैसे चलेगा? हमारी गाडी ले जाव."

हसू नका. एकवीस मेला पहाटे मी मायला छोटेलालच्या गाडीत घातलं. उकाड्याने जीव जात होता. मायला वाटलं, आम्ही तिला तिच्या मावसबहिणीकडे नेतो आहोत, म्हणून तिने पापडाचा डबा घेतला. राज्याच्या सीमेवरचा रजेगावचा पूल ओलांडला तेव्हा मी मोठ्याने सुस्कारा टाकला आणि पुढच्याच वळणावर टायर बसला. टायरच्या दुकानदाराच्या गाडीत स्टेपनी नव्हती. वैनगंगेच्या काठावर एका पळसाखाली आम्ही अडीच तास बसलो. माय पायाला पाय लावून झोपी गेली आणि मी तिच्या नाकापुढे हात धरून बसलो. येणारे-जाणारे मोटारसायकली हळू करून बघायचे. एकाने विचारलंसुद्धा, "चली गयी क्या?" मी त्याला काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

संध्याकाळी सहाला आम्ही परत आलो. रात्र गेली. बावीस तारखेला सकाळी माय अंगणात शेण सारवत होती. मी आत जाऊन देवापुढे बसलो आणि चांगला रडलो. मग शाळेत पेढे वाटले. कशाचे ते कोणाला सांगितलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाची संपली असती.

जूनमध्ये वंशावळ छापायला जायची होती. छापण्याआधी घरोघरी कच्ची पानं वाटली, चुका असतील तर एकोणीस जून संध्याकाळी पाचपर्यंत कळवा, त्यानंतर ॲप कायमचं बंद. आमच्या घरचं पान एकोणीसलाच दुपारी आलं, शुक्रवार होता. मी जेवत होतो. मायने भिंग घेतलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागली. वाचता वाचता बोट थांबलं. मग ते परत वर गेलं, परत खाली आलं.

"उमराव, माहं नाव कुठं आहे?"

मी घास गिळला. "आहे ना, माय. ते काय, पत्नी."

"पत्नी एक," तिने वाचलं. "नाव होतं म्हनलास तू. मी दोनदा विचारलं."

मी सांगितलं तिला. संवत, सत्तावन्न, एकवीस मे, बालाघाट, सगळं. तिला भीती वाटेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि मग मला कळलं की ती रडते आहे. वडील गेले तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

"मीच लिवायले लावलं होतं ते," ती म्हणाली. "रावजी आले तेव्हा तू शाळेत, रीता बाजारात. मी म्हनलं माहं नाव लिवा. तो म्हने, सुनेचं नाव जित्तेपनी लिवत नाई, मेल्यावरच लिवतो, तशी रीत आहे. मी म्हनलं मग मेली म्हनून लिव. तो म्हने बाईच्या सांगन्यानं लिवत नाई. मी म्हनलं, पोरानं सांगितलं म्हन."

"आणि तारीख? ज्येष्ठ शुद्ध पंचमी कोणी सांगितली?"

"मले काय ठाऊक. मी काही सांगितली नाई. तो डोळे मिटून बसला थोडा वेळ आन त्यानंच लिवली."

मी ताट बाजूला सारलं.

"साठ साल या घरात राबली," माय म्हणाली. "हगवणीत तुह्या आज्याचं सगळं केलं. तुह्या बापाले लकवा मारला तं नऊ साल उचलला. म्हशीलेही आपन नाव ठेवतो रे, तिले चांदी म्हनतो. मी एक?" तिने पान माझ्याकडे सरकवलं. "मेली म्हनून लिवलं होतं, पन लिवलं तं होतं. तू मिटवलंस मले."

त्या वेळी चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी हात न धुता स्कूटर काढली. मला स्वतःची लाज वाटत होती. एकोणतीस वर्षं मी लोकांची नावं लिहितो आहे आणि हे मला कोणीतरी सांगावं लागलं.

केंद्रात प्रेरणा मॅडम आवराआवर करत होत्या. मी म्हटलं, मायची नोंद परत घाला, नावासकट. त्यांनी पान उघडलं. पत्नीच्या नावाचा रकाना करडा होता, त्यात अक्षर उमटेना. पोथीचा नियम जसाच्या तसा ॲपमध्ये उतरला होता: सुनेचं नाव मृत्यूच्या नोंदीशिवाय उघडत नव्हतं. मी हिरालालजींना फोन लावला. ते म्हणाले, "पाच वाजता बंद होनार आहे, बडेबाबू, आता नियम कोन बदलवते?" पाचला दहा मिनिटं होती.

"मयत म्हणून टाकू का, सर?" मॅडमनी हळूच विचारलं. "छापून तर येईल."

मी हो म्हणालो. नाव त्यांनी मला टाईप करू दिलं. शांतीबाई दशरथ कटरे. मी माहेरचं गाव टाकलं, तिच्या वडिलांचं नाव टाकलं, तिच्या आईचंही टाकलं, ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं तरी टाकलं. तारीख आपोआप आली, मी सांगितलं होतं तशी. माहिती देणारा: मुलगा उमराव. मी कळ दाबली. घड्याळात चार अठ्ठावन्न झाले होते.

मॅडमनी पानाची छपाई काढून दिली, मायला दाखवायला. मी दारात उभा राहून ती वाचली. नव्या सोयीमुळे आता तारखेखाली तिथीही छापून येत होती. एकोणीस जून दोन हजार सव्वीस. संवत दोन हजार त्र्याऐंशी, ज्येष्ठ शुद्ध पंचमी.

"मॅडम," मी म्हणालो, "ज्येष्ठ तर गेल्या महिन्यात झाला."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "सर, तो अधिक होता. या वर्षी ज्येष्ठ दोन आहेत. हा खरा."

रावजींच्या पोथीत होतं ते सगळं माझ्या हातात होतं. तोच महिना, तीच तिथी. बेटे उमराव ने बताया.

स्कूटर मी कशी चालवली मला आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पाहिलं, आमच्या फाटकासमोर माणसं उभी होती. चाळीस-पन्नास तरी असतील. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. हिरालालजी टोपी हातात घेऊन उभे होते. बायकांनी डोक्यावर पदर घेतले होते. मला बघून सगळे बाजूला झाले आणि मधून वाट झाली.  छोटेलाल पुढे आले, त्यांनी माझा खांदा धरला आणि स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर केला.  "मेसेज आया, बडेबाबू. सब को आया."

पडद्यावर लिहिलं होतं: वंशावळ ॲप कळवते की शांतीबाई दशरथ कटरे यांचे आज निधन झाले. मृत्यूची नोंद झाली की सगळ्या सभासदांना संदेश जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण तो संदेश खोटा आहे असं म्हणायची माझी हिंमत होईना. दोन वर्षांपूर्वीच तो लिहून ठेवलेला होता. मी घरात शिरलो.

आत अंधार होता. रीता शेतावर धानाचे परे, म्हणजे रोपं, बघायला गेली होती, अजून यायची होती. मायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती खिडकीखाली जमिनीवर बसली होती, डोक्यावर पदर, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले. हलत नव्हती. मी जाऊन तिचा हात धरला. हात गार होता.

"माय," मी म्हणालो.  "माय."

खिडकीबाहेर बायका एकमेकींशी बोलत होत्या. शांतीबाईनं माह्या बाळंतपनात दीड महिना शेक दिला, कोणीतरी म्हणालं. शांतीबाईच्या हातच्या शेवयांची सर नाई कोनाले. शांतीबाईनं त्या हगवणीत आमच्या घरचं पानी भरलं, म्हणाली एक म्हातारी, दुसऱ्या कोनाची हिंमत झाली नाई. शांतीबाई असं, शांतीबाई तसं. कोणी बडेबाबूची माय म्हणत नव्हतं, कोणी दशरथची बायको म्हणत नव्हतं.

मायने डोळे न उघडता माझा हात दाबला.

"चूप बस," ती अगदी हळू म्हणाली. "बाहेर नको जाऊ आत्ता. आयकू दे मले."

मी छपाईचा कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्याजवळ खाली बसलो.